सात्या रानातल्या, धिंगरी घरातली

आषाढाचा पाऊस चांगला लागून मधे एक-दोन दिवस ऊन पडले, की मूल, सिंदेवाही, नागभीडच्या रस्त्यांवर पळसाच्या पानांचे डोणे पुढ्यात घेऊन बसलेल्या बाया दिसू लागतात. डोण्यात सात्या असतात, कधी टेकोडे असतात. भाव विचारला तर मटणाची आठवण येते. तरी लोक फार घासाघीस करत नाहीत, कारण वर्षातून थोडेच दिवस ही चव मिळते. घेणारा चव पाहतो. ती टोपली भरण्यासाठी बाई किती वाजता घरून निघाली आणि रानात कुठवर गेली, हे मात्र डोण्यावर लिहिलेले नसते.

माझ्या गावच्या एक मावशी आहेत. वय साठीच्या आसपास. गाव सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला अगदी लागून. लग्न होऊन आल्यापासून त्या पावसाळ्यात सात्यांना जात. वारुळांच्या जागा त्यांना अशा पाठ, जशा मला कार्यालयातल्या फायली पाठ. चार वर्षांपूर्वी एका पहाटे त्या टोपली घेऊन गेल्या आणि तासाभरातच रिकाम्या हाताने परत आल्या. दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मी वाकून सात्या काढत होती. मान वर केली तर तो समोर बसून होता. माह्याकडेच पाहात होता." वाघ उठून निघून गेला, म्हणून मावशी आज आहेत.

सगळ्यांचे नशीब असे नसते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याआधी वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागात १३ माणसांचा बळी घेणाऱ्या वाघाला १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडावे लागले होते. मरणारी माणसे कोण, ते आपण वर्तमानपत्रात वाचतोच. गुराखी, मोहफूल वेचणाऱ्या, सरपण आणणाऱ्या, पाने तोडणाऱ्या. हातावर पोट असलेली आपलीच माणसे.

जंगलात जाऊ नका, असे भिंतीवर लिहिणे सोपे आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ सालापर्यंत एकच जिल्हा होता आणि या सबंध मुलखाचे कोठार म्हणजे जंगलच. गडचिरोलीचा तर दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे. तरोट्याचा कोवळा पाला, कुड्याची फुले, बांबूचे वास्ते, मोहफूल, तेंदू यांवर कितीतरी घरांचे चार महिने निघतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हा हक्क मान्य केला आणि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. तो हक्क सोडा, असे मी कधीच म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की पोराबाळांच्या ताटातल्या रोजच्या भाजीसाठी पहाटेच्या अंधारात एकट्या बाईने झुडपात वाकण्याची वेळ येऊ नये. त्यातली जेवढी भाजी सांदवाडीत आणि पडवीत पिकेल तेवढी पिकवावी.

मावशींना मी हेच सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "सात्या का वाडीत लावता येतात, भाऊ?"

प्रश्न बरोबर होता. सात्या वाडीत लावता येत नाहीत. रानातल्या वारुळावर उगवणारी ही अळिंबी वाळवीच्या भरवशावर जगते. वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळा चावून त्याचा पोळ्यासारखा थर करते, त्यावर ही बुरशी जोपासते आणि तीच खाते. पावसाची ओल खालपर्यंत पोचली की बुरशीची छत्री वर येते. म्हणजे शेती वाळवीची, आणि आपण फक्त वरचे काढून आणतो. माणसाला ही जात बाजारासाठी पिकवण्याची युक्ती अजून साधलेली नाही.

साधते ती धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची, पांढरी किंवा राखाडी. वाळलेल्या काडीकचऱ्यावर ती वाढते आणि धानाचे तणस तर तिचे आवडते खाद्य. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव या शास्त्रज्ञांनी १९६२ साली धानाच्या तणसावर धिंगरी पिकवण्याची पद्धत बसवली. पुढे १९८३ मध्ये हिमाचलातील सोलन येथे अळिंबीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निघाले. तिकडच्या लोकांना तणस नसले तर गव्हाचा भुसा शोधावा लागतो. आपल्याकडे मळणी झाली की गावोगाव तणसाचे ढीग उभे असतात. काही गुरांच्या पोटात जाते, काही नुसते सडते, काही बांधावरच जळते. कच्चा माल फुकट असलेला असा धंदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. (धंदा हा शब्द मी चुकीचा वापरला. त्याचे कारण पुढे येईल.)

पहिल्या खेपेला मी दहा पिशव्या भरल्या आणि दहाही वाया गेल्या. आठव्या दिवशी पांढऱ्याऐवजी हिरवे डाग दिसू लागले आणि बाराव्या दिवशी घरभर आंबूस वास सुटला. घरच्यांनी त्या पिशव्या मला स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकायला लावल्या. चूक माझीच होती. एक तर तणस दोन पावसांत भिजलेले जुने होते. दुसरे, गॅस वाचवण्यासाठी मी पाणी नुसते कोमट केले होते. तणसात आधीपासून बसलेली दुसरी बुरशी जिवंत राहिली आणि तिने धिंगरीच्या आधी ताबा घेतला.

म्हणून पद्धत जरा सविस्तर सांगतो.

तणस त्याच वर्षीचे, पिवळेधमक, पावसात न भिजलेले घ्यावे. कोयत्याने एक-दोन इंचांचे तुकडे करावेत. चुंगडीत भरून तोंड बांधावे आणि रात्रभर थंड पाण्यात बुडवून ठेवावे. वर दगड ठेवावा, नाहीतर चुंगडी तरंगते. सकाळी पाणी निथळून तीच चुंगडी गरम पाण्याच्या ड्रममध्ये तासभर ठेवावी. पाणी ८० अंशांच्या आसपास हवे. थर्मामीटर नसेल तर एवढे लक्षात ठेवा की पाण्याला उकळी फुटायच्या आधी तळाशी बारीक बुडबुडे धरतात आणि वाफ जोरात निघते. तेवढी आच तासभर टिकवायची. गावाकडे विटांची चूल आणि जुना पत्र्याचा ड्रम असला की काम भागते. कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात तणस भिजवण्याची एक रासायनिक पद्धतही शिकवली जाते. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांना ती सोयीची पडते. पण ज्या घरात पोरे खेळतात, त्या घरात फॉर्मेलिनची बाटली आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळे चुरचुरतात आणि त्याची वाफ छातीला वाईट.

मग तणस स्वच्छ धुतलेल्या चादरीवर सावलीत पसरावे. ओल किती ठेवायची, याची परीक्षा मुठीत आहे. मूठभर तणस घट्ट दाबले तर पाण्याचा थेंब पडू नये, पण तळहात ओला लागावा. इथे घाई करणाऱ्यांचे तणस आतून कुजते.

हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून पिशव्या भरायला बसावे. साधारण दीड फूट लांबीची पॉलिथिनची पिशवी, तिच्यात चार बोटे तणस, त्यावर कडेकडेने अळिंबीचे बियाणे, पुन्हा तणस, असे चार-पाच थर. बियाणे म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. त्याला स्पॉन म्हणतात. एक किलो कोरड्या तणसाच्या पिशवीला ८० ते १०० ग्रॅम पुरते. पिशवी दाबून तोंड बांधावे आणि स्वच्छ टाचणीने किंवा दाभणाने तीस-चाळीस भोके पाडावीत.

पुढचे पंधरा ते वीस दिवस काहीच करायचे नसते आणि माझ्या अनुभवाने हेच सर्वांत अवघड. पिशव्या अंधाऱ्या, थंड जागी टांगून ठेवायच्या. उघडून पाहायच्या नाहीत. आतले तणस हळूहळू दह्यासारखे पांढरे होते. पूर्ण पांढरे झाले की पॉलिथिन ब्लेडने कापून काढावे. तणसाचा गठ्ठा आता आपोआप घट्ट राहतो. तो शिंक्यात ठेवून दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा द्यावा, खिडकी थोडी उघडी ठेवावी, थोडा उजेड येऊ द्यावा. भोवती ओले गोणपाट टांगले तर फारच चांगले. तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत त्यांची पंजाएवढी फुले होतात. कडा वर वळायच्या आधी, पाणी मारण्यापूर्वी, देठाला पीळ देऊन काढावीत. आठ-दहा दिवसांनी दुसरे पीक, मग तिसरे.

या खोलीत कोणी झोपू नये. फुले जून झाली की त्यातून पिठासारखी बारीक भुकटी उडते. तिने खोकला लागतो आणि दम्याच्या माणसाला तर त्रासच होतो. तोडणी करताना नाकाला रुमाल बांधावा.

आपल्याकडे हे काम पावसाळ्याच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच करावे. धिंगरीला २० ते २८ अंश मानवतात आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यात हट्टाने केलेल्या पिशव्या म्हणजे पैसे पाण्यात. उष्णता सोसणारी दुधी अळिंबीही असते, पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने हिशेब लिहिण्याची मला खोड आहे. मागच्या हिवाळ्यात दहा पिशव्यांचा खर्च वहीत असा आहे: स्पॉन १२० रुपये, पिशव्या व दोरी ५० रुपये, सरपण १०० रुपये, तणस फुकट. एकूण २७०. तिन्ही पिके मिळून धिंगरी निघाली सहा किलोंपेक्षा थोडी अधिक. म्हणजे किलोला ४५ रुपयांच्या आत, आपली मेहनत न धरता. पाच माणसांच्या घरात महिना-दीड महिना आठवड्यातून दोनदा भाजी झाली आणि शेजारच्या दोन घरी वाटीभर गेली.

आता ती मघाची गोष्ट. सांगायला जड जाते, पण सांगणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस आमच्या बचत गटाकडे आला. स्पॉन आम्ही देऊ, पिशव्या आम्ही देऊ, वाळवलेली अळिंबी आम्हीच ५०० रुपये किलोने उचलू, असे त्याने सांगितले. नोंदणी प्रत्येकी २,५०० रुपये. बैठक विहाराच्या सभागृहात झाली आणि अध्यक्ष म्हणून खुर्चीवर मी होतो. अकरा जणींनी पैसे भरले, काहींनी गटातून कर्ज काढून. माल वाळवून तयार झाला तेव्हा त्या माणसाचा फोन लागेना. पण तो पळाला नसता तरी आम्ही बुडालोच होतो, हे मला नंतर कळले. ताज्या अळिंबीत दहातले नऊ भाग पाणी असते. दहा किलो ताजी वाळवली की एक किलो उरते. म्हणजे त्याचा ५०० रुपयांचा भाव हा ताज्या मालाला किलोमागे ५० रुपये एवढाच होता. तो कोरड्याचा भाव सांगत होता आणि आम्ही ओल्याचा हिशेब करत होतो. हा गुणाकार मला बैठकीतच करता यायला हवा होता. अकरा जणींचे २७,५०० रुपये फिटायला दीड वर्ष लागले. त्यात माझाही वाटा मी घातला, तरी एका ताईंनी मला ऐकवले ते योग्यच होते: "भाऊ, तुमी शिकलेले म्हणून आमी सही केली."

तेव्हापासून मी कोणालाही अळिंबीचा धंदा करा, असे सांगत नाही. आधी आपल्या ताटात, मग शेजारी, मग आठवडी बाजारात एक टोपली विकून पाहा. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मलूल पडते, त्यामुळे गिऱ्हाईक जवळचेच लागते. चार गिऱ्हाइके ठरलेली असतील तरच पिशव्या वाढवाव्यात. नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

खाण्याच्या दृष्टीने तिचे मोल किती, तेही वाढवून सांगू नये. पावशेर ताज्या धिंगरीत साधारण एका अंड्याएवढी प्रथिने मिळतात. जाहिरातीत मटणाशी बरोबरी करतात, ती वाळवलेल्या अळिंबीच्या आकड्यांवरून. पण डाळ महाग झाली की आमटी पातळ होते, त्या दिवसांत एका अंड्याएवढे प्रत्येकाच्या वाट्याला येणे ही लहान गोष्ट नाही. चिरलेली अळिंबी थोडा वेळ उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. लोह मात्र पालेभाजीतूनच घ्यावे लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. ज्या घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिथे भाजीचे पातेले तोवर रिकामे झालेले असते. हा प्रश्न परसबागेने सुटणारा नाही, तो घरातल्या पुरुषांनी सोडवायचा आहे.

तर पालेभाजी. धिंगरीचे तिसरे पीक निघाले की उरलेला तणसाचा गठ्ठा फेकू नये. तो फोडून शेणात आणि पालापाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवला की वाडीला उत्तम खत होते. मावशींच्या वाडीत आज आंघोळीच्या पाण्याच्या वाटेवर धोपा आहे, कुंपणावर डोडके आणि वालाच्या शेंगा चढवल्या आहेत, कोपऱ्यात शेवगा आहे. शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली की जगते. त्याचा कोवळा पाला वरणात टाकावा. पालक, माट, अंबाडी, मेथी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी हातभर वाफा पेरावा, म्हणजे एकाच वेळी भारंभार होऊन पिवळी पडत नाही. सांभाराचे दाणे चपलेने रगडून दोन करून पेरावेत. वांगी, भेदरे, मिरची यांची चार-चार रोपे घरापुरती खूप झाली. कीड पडली तर ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावा आणि गाळून फवारावा. खरे शत्रू मात्र बकऱ्या, कोंबड्या आणि माकडे. काट्यांचे कुंपण आधी, बियाणे नंतर.

बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना वाडी नसते. त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या झटकून, धुऊन, तळाला भोके पाडून वापराव्यात. माती आणि खत निम्मे-निम्मे. एका चुंगडीत एक वांगे किंवा दोन मिरच्या. आपल्याकडच्या हवेत कोळशाची धूळ आहे, म्हणून पालेभाजी दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय चिरू नये आणि साबण-सोड्याचे पाणी झाडाला घालू नये.

विहारात अळिंबीचा विषय निघाला की कोणी ना कोणी चुंदाने तथागतांना दिलेल्या शेवटच्या भोजनाची गोष्ट काढतोच. त्यातले सूकरमद्दव म्हणजे नेमके काय, यावर पाली अट्ठकथांमध्येच एकमत नाही. कोणी डुकराचे मऊ मांस म्हणतात, कोणी बांबूचे कोंब, तर कोणी अळिंबी. आमच्या ज्येष्ठ उपासकांचा हा वाद दरवर्षी वर्षावासात नव्याने सुरू होतो, पण त्याच्या निमित्ताने एक खरी सूचना करता येते. रानातली ओळखीची नसलेली छत्री खाऊ नये. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्याने खाल्लेली चांगली असते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सर्वांत घातक जातींचे विष सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू करते, मग माणसाला एक दिवस बरे वाटते आणि आतून यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटले तरी रुग्णाला सरकारी दवाखान्यात न्यावे आणि उरलेली अळिंबी कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवावी. शहरात नोकरीला गेलेली आपली मुले सुट्टीत गावी येऊन हौसेने सात्या काढायला जातात, त्यांना हे मुद्दाम सांगावे. मावशींसारखी नजर त्यांच्याजवळ नाही.

मावशी धिंगरीला सात्यांची चव नाही म्हणतात, ते खरेच आहे. त्या कांदा, लसूण, लाल तिखट आणि थोडे जवसाचे कूट घालून ती कोरडी परततात. पाणी अजिबात घालत नाहीत, अळिंबीला स्वतःचेच पुष्कळ सुटते. गेल्या पावसाळ्यात त्या सात्यांना दोनदाच गेल्या, तेही उन्हे वर आल्यावर, सात-आठ जणींच्या सोबतीने.

स्पॉनसाठी सिंदेवाही किंवा गडचिरोलीच्या सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, प्रशिक्षण केव्हा आहे तेही तिथे कळते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील वनस्पती रोगशास्त्र विभागाकडेही विचारता येईल. मागणी पंधरा दिवस आधी नोंदवावी. पाकीट हातात घेतल्यावर दाणे पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसले पाहिजेत. हिरवा किंवा काळा ठिपका असेल तर तिथेच परत करावे. एसटीने आणायचे असेल तर इंजिनजवळच्या सीटखाली ठेवू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यावे. आणि तणस आदल्या रात्रीच भिजत घातलेले असावे.